जुन्या बेसचा बसलेला आवाज

गंगापूर रोडला एका काकांच्या माळ्यावरचा जुना जॅझ बेस (दोन पिकअपची बेस गिटार) बघायला गेलो. अँपला (आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला) लावला तर गोधडीखालून कोणी बोलावं तसा आवाज, आणि व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर. काका म्हणाले, "पिकअप गेलेत बहुतेक, कमीत घेऊन टाक." पिकअप म्हणजे तारांचं कंपन टिपणारे चुंबक-गुंडाळीचे भाग. मला पटेना.

स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दोन्ही पिकअपच्या चुंबकांना हलकेच टेकवलं. टक्-टक् स्वच्छ! म्हणजे जीव होता. तारा मात्र घामामळीने काळ्या पडलेल्या. खऱ्या चोर त्या ताराच. घरी नव्या तारा चढवल्या आणि वरचे स्वर घंटेसारखे वाजले. बटणांत काँटॅक्ट क्लीनर मारून वीस-पंचवीस वेळा फिरवलं, खरखर गेली. एकच पिकअप चालू ठेवला की गुणगुण येते. तो दोष नाही, दोघांचा आवाज सारखा केला की थांबते, कारण त्यांची गुंडाळी एकमेकींच्या उलट असते.

आणि हो, छोट्या प्रॅक्टिस अँपवर बेस पारखू नका. मोकळी ई तार साधारण ४१ हर्ट्झची, ती तिथे नीट ऐकूच येत नाही.

बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या पट्टीवर) 'जी' (G) स्वराची तार अजून किंचित चढी लागते. सॅडल, म्हणजे तार टेकते तो खालचा तुकडा, मागे सरकवायचंय, पण स्क्रू गंजलाय.