व्हर्च्युअल मशीनमधून डिस्क काढताय? या चुका टाळा

धरा, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एखादा टॉवेल कारखाना. ऑफिसात एकच सर्व्हर, त्यावर दोन व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने चालणारे वेगळे संगणक): एकावर हिशेब, दुसऱ्यावर हजेरी. गड्डा जत्रेच्या सुट्टीत ऑफिस रिकामं सापडतं, तेव्हा जुनी 500 जीबीची डिस्क काढायचं ठरतं. बहुतेक जण थेट हायपरवायझरच्या, म्हणजे ही मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या (व्हीएमवेअर, हायपर-व्ही, प्रॉक्समॉक्स, केव्हीएम, जे असेल ते) सेटिंगमध्ये जाऊन ‘रिमूव्ह’ दाबतात. चालत्या मागावरून बीम उतरवण्यातलाच हा प्रकार. सुरुवात मशीनच्या आतून करायची.

आधी ओळख पटवा. मशीनच्या आत ‘एसडीबी’ नावाने दिसणारी डिस्क म्हणजे बाहेर सेटिंगमधली ‘हार्ड डिस्क 2’ असेलच असं नाही. दोन्ही डिस्क 500 जीबीच्या असतील तर आकारावरून काहीच कळत नाही. लिनक्समध्ये ‘एलएसबीएलके -एस’ (lsblk -S, एस कॅपिटल) चालवलं की 2:0:1:0 असा पत्ता दिसतो. व्हीएमवेअरमध्ये त्यातला तिसरा आकडा सेटिंगमधल्या ‘स्कझी 0:1’ (स्कझी हा डिस्क जोडण्याचा एक प्रकार) च्या 1 शी जुळवा.

मग अनमाउंट, म्हणजे डिस्क आतल्या सिस्टीमपासून सोडवणं. ‘टार्गेट इज बिझी’ आलं की काही जण लेझी अनमाउंट (वापर थांबायची वाट न बघता सोडवणं) मारून मोकळे होतात. फोल्डर दिसेनासा होतो, पण ज्या प्रोग्रामने फाइल उघडलेली आहे तो आतून लिहीतच राहतो. ‘फ्युजर -व्हीएम’ (fuser -vm) ने तो प्रोग्राम शोधून बंद करा. डिस्क एलव्हीएममध्ये (अनेक डिस्कचा एक गट करणारी लिनक्सची सोय) असेल तर क्रम पीव्हीमूव्ह (डेटा दुसऱ्या डिस्कवर हलवणं), व्हीजीरिड्यूस (गटातून काढणं), पीव्हीरिमूव्ह (एलव्हीएमची खूण पुसणं).

सगळ्यात महागात पडते ती एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची लिनक्समधली यादी) राहून गेलेली ओळ. त्या दिवशी सगळं सुरळीत चालतं. दोन महिन्यांनी लाइट जाते, यूपीएस दम टाकतो, मशीन पुन्हा सुरू होताना त्या डिस्कची 90 सेकंद वाट बघतं आणि थेट इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. तेव्हा सुट्टीतल्या कामाची आठवणही कुणाला नसते. ओळ काढा आणि त्याच दिवशी, समोर असतानाच, एकदा रीबूट करून बघा.

विंडोज असेल तर डिस्क मॅनेजमेंटमधून डिस्क ‘ऑफलाइन’ करा. त्याआधी पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) तिच्यावर नाही ना, तेवढं पाहा. हायपर-व्हीमध्ये स्कझीवरची डिस्क चालू मशीनमधून निघते, आयडीईवरची (जोडणीचा जुना प्रकार) नाही. तिच्यासाठी मशीन बंदच करावं लागतं.

आता बाहेरचं, म्हणजे हायपरवायझरमधलं काम. प्रॉक्समॉक्समध्ये ‘डिटॅच’ केलेली डिस्क ‘अनयूज्ड’ म्हणून यादीत राहते, डेटा शाबूत असतो. तिच्यावर पुन्हा ‘रिमूव्ह’ दाबलं की डेटा गेला. व्हीएमवेअरमध्ये हेच काम डेटास्टोअरमधून फाइल पुसण्याची टिक करते, म्हणून ती टिक करू नका. जीएसटी रिटर्न भरून होईपर्यंत फाइल पडून राहिली तर बिघडत नाही. केव्हीएममध्ये ‘व्हर्श डिटॅच-डिस्क’ ला फक्त ‘लाइव्ह’ दिलं तर डिस्क निघते, पण मशीन बंद करून चालू केलं की परत हजर; ‘कॉन्फिग’ सुद्धा द्या. स्नॅपशॉट (मशीनची एखाद्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) शिल्लक असेल तर आधी तो निकाली काढा, कारण त्यावर परत जायचं झालं तर ही डिस्क लागणारच.

बॅकअपची यूएसबी डिस्क मशीनला जोडलेली असेल तर आधी आतून इजेक्ट, मग हायपरवायझरमधून सोडवणं, आणि वायरीला हात सगळ्यात शेवटी.