परदेशात निघालेल्या फिलिपिनो नर्सेस आणि डिपार्टमेंटची निवड : या चुका टाळा

"डिपार्टमेंट कुठलं घेतलंस?" असं नव्या बॅचला विचारलं की बहुतेकींचं उत्तर ठरलेलं असतं. "एजन्सीने दिलं ते. आधी पोचू तर दे!"

इंग्लंडात नव्याने आलेल्या नर्सेसची ऑस्कीची, म्हणजे इथली नोंदणी मिळण्याआधीच्या प्रात्यक्षिक परीक्षेची, तयारी करून घेणं हे माझं काम. बॅचमध्ये निम्म्याहून जास्त फिलिपिनो, मग मल्याळी, आणि हल्ली एखाददुसरी नाशिकची किंवा सांगलीची. फिलिपिनो लोक या वाटेवर आपल्याहून फार आधीपासून आहेत. फिलिपाइन्समधल्या इलोइलोला १९०६ साली अमेरिकन मिशनऱ्यांनी नर्सिंग स्कूल काढलं. १९४८ पासून एक्स्चेंज व्हिजिटर प्रोग्रॅमखाली तिथल्या नर्सेस अमेरिकेला जाऊ लागल्या आणि १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर कायमचं राहणंही सोपं झालं. घरटी एक मावशी परदेशात, त्यामुळे माहितीला तोटा नाही. चुका मात्र त्याच त्या, आणि आपल्या मुली त्यांच्याच रूममेट असल्याने त्या चुकाही इमानेइतबारे उचलतात. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून टाकते.

"एकदा पोचलो की बदली मागू"

या वाक्याचा मला मनापासून कंटाळा आलाय.

सेबूचा एक मुलगा होता. सगळी नोकरी ओटीत, म्हणजे ते लोक ज्याला ओआर म्हणतात तिथे. ऑर्थोपेडिकच्या केसला स्क्रब होण्यात, म्हणजे टेबलाशी उभं राहून सर्जनला हत्यारं देण्यात, त्याचा हातखंडा. गुडघा बदलायच्या ऑपरेशनची ट्रे तो न बघता लावायचा. एजन्सीने सांगितलं, थिएटरची जागा निघायला चार-सहा महिने लागतील, वयस्कांच्या वॉर्डात मात्र पुढच्याच महिन्याचं तिकीट आहे. त्याने तिकीट घेतलं.

आल्यावर झालं काय, की त्याच हॉस्पिटलमध्ये थिएटरची जागा निघाली. वॉर्डच्या मेट्रनने सोडलं नाही. का सोडेल? तिने पैसे खर्च करून वॉर्डसाठी माणूस आणलेला. शिवाय करारात लिहिलेलं, ठरावीक मुदतीआधी गेलास तर खर्च परत कर. मुदत संपेपर्यंत त्याने शेवटची सिझर हातात धरल्याला तीन वर्षं होत आली होती. मग थिएटरच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, शेवटची केस कधी केलीस? आता तो डे सर्जरीच्या रिकव्हरीत आहे आणि खालच्या पायरीपासून पुन्हा चढतोय.

बदली मिळतच नाही असं नाही. पण ती मिळणं तुमच्या हातात नसतं. चार महिने घरी थांबायला लागले असते तर आभाळ कोसळलं नसतं. पण त्याच्या बॅचचे सगळे एअरपोर्टवरचे फोटो टाकत होते, आणि तो धीर धरवत नाही. माझं सांगणं एकच असतं. ऑफर लेटरवर वॉर्डचं किंवा युनिटचं नाव छापलेलं नसेल, नुसतं 'रजिस्टर्ड नर्स' असेल, तर सही करायची नाही.

देशागणिक ओटी, लेबर रूम बदलते हे न बघणं

फिलिपाइन्सचा बीएसएन, म्हणजे नर्सिंगचा पदवी कोर्स, चार वर्षांचा, सगळं थोडंथोडं शिकवणारा. त्यावर पीआरसी या तिथल्या सरकारी मंडळाची लायसन्स परीक्षा. हे लायसन्स घेऊन माणूस कुठेही काम करेल असं त्यांना वाटतं. अमेरिकेत ते बऱ्याच अंशी खरं आहे. एनसीएलईएक्स ही तिथली लायसन्स परीक्षा पास झालं की सरसकट आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, डिपार्टमेंट हॉस्पिटल ठरवतं. इंग्लंडात तसं नाही. एनएमसी या इथल्या नर्सिंग परिषदेच्या रजिस्टरमध्ये नर्सिंगचे चार कप्पे आहेत : ॲडल्ट, चिल्ड्रन, मेंटल हेल्थ आणि लर्निंग डिसॅबिलिटी. कप्पा परीक्षेच्या अर्जातच निवडावा लागतो. मिडवाइफचं रजिस्ट्रेशन तर पूर्ण वेगळं. त्यामुळे मनिलात आयुष्य लेबर रूममध्ये काढलेली बाई इथे 'लेबर वॉर्ड द्या' म्हणते तेव्हा तिला काय सांगावं कळत नाही. ते काम इथे मिडवाइफचं. अमेरिकेत गेली असती तर तेच काम नर्स म्हणून मिळालं असतं.

मुलांच्या वॉर्डाचंही तसंच. ॲडल्टमधून आलात तर नवजात बाळांच्या युनिटमध्ये शिरकाव होतो, पण मोठ्या मुलांच्या वॉर्डात बहुतेक ठिकाणी चिल्ड्रन नर्सच मागतात.

आणि ओटीवाल्यांनी अमेरिकेबद्दल एवढं लक्षात ठेवावं, की तिथे हात धुऊन टेबलाशी उभं राहायचं काम पुष्कळदा सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट करतो, नर्स सर्क्युलेटिंगला, म्हणजे टेबलापासून दूर राहून लागेल ते पुरवायला असते. ज्याचा जीव स्क्रबमध्येच रमतो, त्याने हे तिकीट काढायच्या आधी विचारावं.

आयसीयू नसताना आयसीयू लिहिणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. हिच्यावर जरा जास्त लिहिणार आहे.

आयसीयूला वजन आहे. मागणी आहे, आणि पुढे अमेरिकेत सीआरएनए म्हणजे भूल देणारी नर्स व्हायचं तर क्रिटिकल केअरचा किमान एक वर्षाचा अनुभव लागतोच. त्यामुळे सीव्हीत आयसीयू हवंच असतं. फिलिपाइन्समध्ये हॉस्पिटलांच्या लेव्हल १, २, ३ अशा सरकारी पायऱ्या आहेत. लेव्हल ३ च्या शिकाऊ हॉस्पिटलमधला आयसीयू आणि तालुक्याच्या गावातली चार खाटांची 'आयसीयू' पाटी लावलेली खोली यांत जमीनअस्मानाचं अंतर. आपल्याकडेही ते तसंच आहे, नाव घ्यायला नको. सीव्हीवर दोन्ही सारखीच दिसतात.

एक मुलगी आली. सीव्हीत तीन वर्षं आयसीयू. ऑनलाइन मुलाखतीत उत्तरं फाडफाड. नंतर कळलं, की ती आधीच्या बॅचने पुरवलेल्या 'रिकॉल'मधून पाठ केलेली होती. आधीच्यांना आलेले प्रश्न आठवून एकमेकींना पाठवायचे ही त्यांची जुनी पद्धत आहे, आणि त्या पद्धतीबद्दल माझं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

आयसीयूत नव्या माणसाला आधी जादा म्हणून ठेवतात, स्वतंत्र पेशंट देत नाहीत. हिने 'मला सगळं येतं' म्हणून तो काळ लवकर आटोपून घेतला. मग एका रात्री सेप्सिसचा, म्हणजे संसर्ग अंगभर भिनलेला पेशंट, रक्तदाब धरून ठेवणाऱ्या नॉरॲड्रेनलिनवर. पन्नास मिलीची सिरिंज संपत आल्याचा पंप ओरडला. वॉर्डात अँटिबायोटिक बदलतात तसं तिने केलं. पंप बंद केला, रिकामी सिरिंज काढली, नवी लावली, लाइनमधली हवा काढत बसली. नॉरॲड्रेनलिनचा असर रक्तात जेमतेम दोन-तीन मिनिटं टिकतो. म्हणून नवी सिरिंज दुसऱ्या पंपावर आधीच तयार ठेवतात, ती चालू करतात, प्रेशर धरलं की मगच जुनी बंद करतात. निदान बदल काही सेकंदांत तरी उरकतात. मॉनिटरवरची लाल आर्टीरियल लाइन, म्हणजे धमनीतल्या नळीतून सतत दिसणारं प्रेशर, आडवी होत चालली, वरचं प्रेशर ५८ वर आलं, तरी ही खाली मान घालून बुडबुडे काढतेय. शेजारच्या बेडची सिस्टर धावत आली म्हणून निभावलं. पेशंट वाचला.

चौकशीत तिने खरं सांगितलं. तिच्या 'आयसीयू'त व्हेंटिलेटरचा पेशंट आला की स्थिर करून शहरात पाठवायचे. आर्टीरियल लाइन तिने पहिल्यांदा इथेच पाहिलेली. पोरगी हुशार होती, कष्टाळू होती. वॉर्ड आणि आयसीयूच्या मधल्या पायरीत, हाय डिपेन्डन्सीत सुरुवात केली असती तर वर्षभरात ताठ मानेने आयसीयूत गेली असती. त्याऐवजी वॉर्डात पाठवली गेली, आणि 'ती आयसीयूवाली' हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

मी नव्यांना एक सवय लावते. रोजच्या ड्यूटीनंतर वहीत दोन ओळी : आज काय स्वतःच्या हाताने केलं. पेशंटचं नाव नाही, फक्त काम. व्हेंटिलेटर, कुठले पंप, सेंट्रल लाइन, डायलिसिसचं मशिन, किती वेळा. वर्षाने ती वही उघडली की आपण आयसीयू नर्स आहोत की नाही हे दुसऱ्याला विचारायला लागत नाही. अमेरिकेतल्या सीसीआरएन या आयसीयू नर्सेसच्या सर्टिफिकेटलाही दोन वर्षांत गंभीर पेशंटच्या प्रत्यक्ष सेवेचे १,७५० तास मागतात. तिथे पाटी चालत नाही.

आखातात तर हे खोटं टिकतच नाही. कागदपत्रं पडताळणारी कंपनी, डाटाफ्लोवाले, थेट तुमच्या जुन्या हॉस्पिटलला पत्र पाठवून अनुभव पडताळतात, आणि एकदा तिथे शेरा बसला की तो पुसणं महाकठीण.

आणि आयसीयूचं एवढं आकर्षण असणाऱ्यांनी हेही वाचावं. अमेरिकेतल्या नर्सेसमध्ये फिलिपिनो सुमारे ४ टक्के. नॅशनल नर्सेस युनायटेड या संघटनेच्या मोजणीत सप्टेंबर २०२० पर्यंत कोविडने गेलेल्या नर्सेसमध्ये त्या जवळजवळ एक तृतीयांश होत्या. याचं एक मोठं कारण म्हणजे आयसीयू, इमर्जन्सी आणि मेडिकल वॉर्ड, पेशंटच्या उशाशी उभं राहायच्या याच जागांवर त्यांची गर्दी आहे. जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण फक्त 'भारी वाटतं' म्हणून जाऊ नका.

वॉर्डाला कमी लेखणं

फिलिपाइन्समध्ये सरकारी प्रमाण १२ पेशंटना एक नर्स. प्रत्यक्षात सरकारी वॉर्डात त्याच्या दुप्पट-तिप्पट. एवढ्या गर्दीत कोण आधी बिघडणार हे जिला दिसतं, तिला इथे आठ पेशंट म्हणजे काहीच नाही. तरी मुली मेडिकल-सर्जिकलची वर्षं सीव्हीत कोपऱ्यात ढकलतात. माझ्या मते पहिली दोन वर्षं तिथेच काढावीत. न पटणारे पुष्कळ भेटतात, बहुतेक पंचविशीच्या आतले.

अंघोळ घालणं 'आपलं काम नाही' असं समजणं

फिलिपाइन्समध्ये पेशंटजवळ बान्ताय असतो, घरचं कुणीतरी. भरवणं, पुसणं, कूस बदलणं तोच करतो. आपल्याकडचे नातेवाईक करतात तसंच. जर्मनीत हे सगळं नर्सिंगच. शिवाय अनेरकेनुंग, म्हणजे पदवीची मान्यता हातात येईपर्यंत मदतनीस म्हणूनच राबावं लागतं. २०१३ पासून ट्रिपल विन या जर्मनीच्या भरती योजनेतून फिलिपिनो नर्सेस तिकडे जातायत. मनिलात बी-१ पातळीपर्यंत जर्मन करून निघतात आणि पोचल्यावर पहिल्या आठवड्यात 'मी आयसीयूची आहे, मला बेडपॅन का?' म्हणून रडतात. पुण्यात जर्मनचे क्लास लावलेल्यांनी हे आत्ताच ऐकून ठेवा.

छोट्या छोट्या, पण रोजच्या

लायसन्स मिळाल्यावर कॉल सेंटरला दोन वर्षं काढून मग 'एक्स्पिरिअन्स' शोधणं. पगार बरा असतो हे मान्य, पण आखातात ताजा अनुभव मागतात.

जपानची अट न वाचता जाणं. तिथे नर्सिंगची राष्ट्रीय परीक्षा जपानीत द्यावी लागते. तोपर्यंत तुम्ही उमेदवार, मग मनिलात कितीही सीनियर असा.

ऑस्कीत मनातल्या मनात काम करणं. हात धुतलात, ॲलर्जी विचारलीत, तरी तोंडाने बोलला नाहीत तर परीक्षकाला ते कळत नाही.

कॅलिफोर्नियाला अर्ज करताना ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजचं विषयवार प्रमाणपत्र, न तपासणं. थिअरी आणि त्याच विषयाची क्लिनिकल पोस्टिंग एकाच काळात झालेली हवी, यावर तिथलं बोर्ड अडून बसतं.

इंग्लंडच्या नोकरीसाठी एजंटला पैसे देणं. भरतीचे पैसे उमेदवाराकडून घ्यायला इथल्या नियमावलीत मनाई आहे. मागितले की उठायचं.

करारातली दंडाची ओळ

२००६ साली न्यूयॉर्कमधल्या नर्सिंग होम्समधून काही फिलिपिनो नर्सेसनी एकदम राजीनामे दिले. ठरलेलं एक आणि मिळालेलं दुसरंच, ही तक्रार. त्यातल्या दहा जणींवर चक्क फौजदारी खटला भरला गेला. २००९ मध्ये अपील कोर्टाने तो थांबवला. पुढे त्याच मालकांविरुद्धच्या दुसऱ्या दाव्यात, २०१९ साली, करार मोडल्याबद्दलचा २५,००० डॉलरचा दंड फेडरल कोर्टाने बेकायदा ठरवला. म्हणजे न्याय मिळाला, पण मधली वर्षं गेली ती गेलीच. दंडाचा आकडा आणि तो कशाकशावर लागतो, एवढं तरी सही करण्याआधी वाचा. युनिट बदललं तर लागतो का, हेही.

मुलाखतीच्या शेवटी "नो, थँक यू मॅम"

समोरचे विचारतात, तुम्हाला काही विचारायचंय का? फिलिपिनो मुली भिडस्त, आपल्या त्याहून. दोघीही हसून नाही म्हणतात. मी मुलींना हे प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवायला लावते. युनिट कुठलं, किती खाटांचं? एका नर्सकडे दिवसा किती पेशंट, रात्री किती? जादा म्हणून किती आठवडे ठेवणार? आयव्ही द्यायची आणि कॅन्युला टाकायची परवानगी इथली तपासणी झाल्यावर कधी मिळते? युनिटचा कोर्स कधी करता येतो, खर्च कोणाचा? मुदतीआधी दुसऱ्या युनिटमध्ये गेले तर पैसे भरावे लागतील का? तोंडी उत्तर मिळालं की त्याच दिवशी ईमेल करायची, 'आपण असं म्हणालात, बरोबर ना?' ईमेलला उत्तर आलं नाही, तर पुन्हा पाठवायची.