निरोपाची हाईक आणि बार्बेक्यू: या चुका टाळा

युवा एक्स्चेंजवर परदेशातून आलेल्या, इथल्या होस्ट घरी राहणाऱ्या मुलांचं वर्ष साधारण मे-जूनमध्ये संपतं. म्हणजे निरोपाची हाईक नेमकी नाशिकच्या नको त्या दिवसांत येते. मेमध्ये पारा चाळिशीला टेकलेला, जूनमध्ये पहिल्या सरींनी कातळ निसरडा. तरी ग्रुपवर कुणीतरी टूम काढतंच, "शेगडी गडावरच नेऊ, सूर्यास्त बघत चिकन भाजू!" सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

पाऊस येईपर्यंत डोंगरावरचं गवत वाळून कडकडीत झालेलं असतं, वणव्याला एक ठिणगी पुरते. राखीव वनात आग पेटवणं १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडं आहेत, पांडवलेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत. शिवाय धुरानं कड्यावरचं आग्यामोहोळ उठलं, तर निरोप दवाखान्यातच द्यावा लागेल. तेव्हा डोंगर सकाळी आणि शेगडी संध्याकाळी, खाली कुणाच्या तरी मळ्यात किंवा अंगणात.

गड निवडतानाही घोळ होतो. हरिहरच्या खड्या पायऱ्यांचे फोटो पाहून पाहुण्याला तिथंच जायचं असतं. पण सोबत होस्ट घरचे काका-काकू आणि धाकटी भावंडं असतील, तर रामशेज बरा. पायथ्याच्या आशेवाडीतून रमतगमत तासाभरात वर. मुघलांनी १६८२ मध्ये वेढा घातला आणि मूठभर मावळ्यांनी तो किल्ला वर्षानुवर्षं झुंजवला, ही गोष्ट वर सांगाच. थोडक्यात सांगा, मुघल सरदार शहाबुद्दीन खानाची अख्खी मोहीम उन्हात ऐकायला कुणी थांबत नाही. उजाडताना पायथा, नऊच्या आत खाली. पाणी माणशी दोन-तीन लिटर घरूनच न्या, गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर राहू नका.

आता शेगडी. "कोळसा पेटतच नाही" म्हणून रॉकेल ओततात आणि मग पनीरलाही रॉकेलचाच वास. नारळाची शेंडी, गोवरीचा तुकडा आणि वर दोन कापराच्या वड्या एवढ्यानं लोणारी कोळसा धरतो. दगडी कोळसा वापरू नका. ज्वाळा दिसताच चिकन टाकायची घाई नडते. कोळशावर राखाडी साय धरेपर्यंत, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं, थांबायचं. तोवर कणसं सोलायला बसवा सगळ्यांना.

चिकन बाहेरून काळं आणि हाडाजवळ गुलाबी राहत असेल, तर आच जास्त आहे किंवा तुकडे मोठे आहेत. कोळसा एका बाजूला लोटा. लेग पीसला खोल चिरा द्या. तरीही हाडाजवळ सुरी खुपसून बघा. लालसर पाणी आलं तर परत जाळीवर. मॅरिनेशन गळून भडका उडतोय? तुकडा झटकून ठेवा, तेल कमी लावा. बाटलीतल्या सॉसमध्ये साखर असते, तो शेवटी लावायचा. पनीर फुटून कोळशात पडतं, कारण तुकडे पातळ आणि दही पाणचट. त्याला चक्काच हवा. लाकडी काड्या अर्धा तास भिजत घाला. कच्चं चिकन बर्फाच्या डब्यातून थेट जाळीवर. उन्हात तासभर ठेवलेलं पातेलं वापरू नका.

व्हेजची जाळी, चिमटे आणि शेगडी वेगळी. यात "चालतंय की" म्हणू नका. आज्जी जेवायला बसतच नाहीत मग. वारं सुटलं, तर शेगडी भिंतीच्या आडोशाला घ्या, पण खोलीत किंवा बंद पडवीत कधीच नको. कोळशाचा विषारी वायू वासावरून कळत नाही.

मोठ्यांनी बिअर उघडण्याआधी विचार करावा. रोटरीच्या युवा एक्स्चेंजमध्ये मुलांना दारू आणि गाडी चालवणं दोन्ही बंद. घरी परतायला आठवडा राहिला असताना नियम मोडल्याचा एक फोटो फिरला, तर त्या पोराच्या नावावर उगाच डाग. रात्री मुक्काम असेल, तर होस्ट घर आणि एक्स्चेंजचा समन्वयक दोघांनाही आधी कळवा.

भेटवस्तू देतानाही आधी विचार करा. विमानाच्या बॅगेला बहुधा तेवीस किलोची मर्यादा, आणि आपण देतो पितळी समई! त्यापेक्षा बांधलेला फेटा, चिवड्याचं पाकीट आणि सगळ्यांच्या सह्या असलेला टी-शर्ट द्या. आणि निघताना निखाऱ्यांवर पाणी ओतून काडीनं ढवळा. वरून विझलेली राख आतून सकाळपर्यंत धगधगत असते. ती गोठ्याजवळच्या उकिरड्यावर टाकू नका.