फुशिमी इनारी : सकाळी लवकर जा, साधी लोकल पकडा

जपानमधल्या क्योतोतल्या फुशिमी इनारी या शिंतो (जपानचा पारंपरिक धर्म) देवस्थानाला प्रवेशशुल्क नाही आणि ते चोवीस तास उघडं असतं. त्यामुळे गट घेऊन सकाळी सातच्या आत पोहोचा. दहानंतर तोरींच्या (लाल कमानींच्या) रांगेत पाऊल टाकायला जागा उरत नाही. क्योतो स्टेशनहून जेआर (जपान रेल्वे) नारा लाइनची साधी लोकलच घ्या, दुसरं स्टेशन इनारी. जलद गाडी तिथे थांबत नाही, आणि घाईत निम्मा गट नेमका तिच्यात चढतो.

दर्शनाआधी पाण्याच्या कुंडापाशी हात धुवायचे ते एकाच पळीभर पाण्यात. उजव्या हातात पळी धरून डावा हात धुवा, मग उजवा. डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरा (पळीला तोंड लावू नका, चूळ कुंडाबाहेर टाका), डावा हात पुन्हा धुवा आणि उरलेल्या पाण्याने पळी उभी धरून दांडा धुवा. पुढे दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, एक नमस्कार. बौद्ध मंदिरात मात्र टाळ्या वाजवत नाहीत.

२३३ मीटरचा डोंगर पूर्ण फिरायला दोन-तीन तास लागतात. वेळ कमी असेल तर वाटेतल्या योत्सुत्सुजी या चौकातून परता, शहर तिथूनच छान दिसतं. शाकाहारी मुलांनो, इनारीझुशीतलं (तोफूच्या पिशवीत भरलेला भात) तोफू बहुधा माशाच्या दाशीत (रश्शात) शिजवलेलं असतं. डबा सोबत ठेवा.