रेल्वे स्लीपर बागेत वापरताय? या चुका टाळा

जुने लाकडी स्लीपर, म्हणजे रुळांखाली आडवे टाकलेले जाड ओंडके, घ्यायला जाणारे लोक बहुतेक वेळा दोनच गोष्टी विचारतात: नग केवढ्याला, आणि घरपोच मिळतील का. लाकूड कोणतं, ते कशात मुरवलंय, रुळांखालून का काढलं, हे कुणी विचारत नाही. मग वर्ष-दोन वर्षांनी प्रश्न येतात. भिंत पुढे का आली, बाकावर काळं काय सुटतंय, पायरी भुसभुशीत का झाली. तीच तीच उत्तरं देऊन झाली आहेत, म्हणून आता सविस्तर लिहितो.

"जुना आहे, तेल उडून गेलंय"

ही समजूत मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. रुळांखालचं लाकूड वर्षानुवर्षं ऊन-पाऊस झेलत खडीत पडून असतं. नुसतं ठेवलं तर ते कुजेल नाहीतर वाळवी खाईल. म्हणून ते क्रिओझोटमध्ये मुरवतात. दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेलं हे तेल दाबाखाली लाकडात घुसवण्याच्या पद्धतीचं पेटंट जॉन बेथेल यांनी १८३८ मध्ये इंग्लंडमध्ये घेतलं. बुरशी आणि किडे त्या लाकडाला तोंड लावत नाहीत, कारण ते तेल विषारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था क्रिओझोटला "बहुधा कर्करोगकारक" गटात धरते. युरोपीय संघात २००३ पासून असं लाकूड बागेत, खेळाच्या मैदानात, बाकांसाठी किंवा भाजीच्या वाफ्यांसाठी वापरायला मनाई आहे. ही मनाई जुन्या, काढून आणलेल्या स्लीपरनाही लागू आहे.

विकणारा सांगतो की इतक्या वर्षांत सगळं धुऊन गेलं. वरचा पापुद्रा राखाडी, कोरडा दिसतो हे खरं. आत तेल असतंच.

एका घरी थंडीच्या दिवसांत मुलांसाठी वाळूचा हौद केला होता. चारी बाजूंना जुने स्लीपर, वर बसायला सपाट कड. दिसायला सुरेख. मी पाहिला तेव्हाच सांगितलं की हा मुलांसाठी नको. "वास तर येत नाही," असं उत्तर मिळालं. उन्हाळा तापला तशा लाकडाच्या तड्यांतून काळ्या मण्यांसारख्या बारीक गुठळ्या वर आल्या. दुपारी त्या पातळ होऊन कडेवरून ओघळायला लागल्या. मुलांच्या मांड्यांना, कपड्यांना, वाळूला सगळीकडे चिकट डाग. क्रिओझोट लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की आग आणखी वाढते, तशी ती वाढली. मग घरच्यांनी वरून रंग दिला. तेलकट लाकडावर रंग धरत नाही. त्याला फोड आले आणि त्यातून पुन्हा काळं वर आलं. शेवटी वाळू आणि स्लीपर, दोन्ही काढावं लागलं.

घेण्याआधी तपासायची माझी पद्धत साधी आहे. टोकाजवळ चाकूने थोडं खरवडायचं आणि लगेच नाक लावायचं. डांबरगोळीसारखा उग्र वास आला तर तो स्लीपर हात, पाय, मुलं, भाजी यांच्या जवळ नाही. मधे प्लास्टिक घालतो म्हणाल तर त्याने वाफ्यातली माती काही काळ वेगळी राहील, पण वरची कड उघडीच असते आणि तण काढताना हात तिथेच टेकतात. घरच्या बागेसाठी न मुरवलेलं कठीण लाकूड घ्या: ओक, साल किंवा जारा हे ऑस्ट्रेलियातलं लाकूड. नाहीतर तांब्याच्या क्षारात मुरवलेलं नवं पाइन घ्या. नुसती हिरवट झाक बघून मात्र ठरवू नका. पूर्वी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक एकत्र वापरत, त्याचीही झाक हिरवटच असते. कशात मुरवलंय ते लेखी मागा. विकणारा सांगू शकत नसेल तर दुसरीकडे जा.

वरून बघून घेणं

रचलेल्या थप्पीतून वरचे चार चांगले दिसतात म्हणून अख्खी थप्पी उचलू नका. स्लीपर सगळ्यात आधी कुजतो तो जिथे रूळ बसलेला असतो तिथे, कारण खिळ्यांच्या भोकांतून पाणी आत जातं. तिथे हातोडीने ठोका. खणखणीत आवाज आला तर बरं. बद्द आवाज आला तर भोकात स्क्रूड्रायव्हर घाला. तो हलक्या हाताने बोटभर आत गेला तर आतला गाभा गेला आहे, बाहेरून कितीही देखणा असू दे. टोकांना पडलेले तडे चालतात, आरपार फाटलेला चालत नाही.

वजन

साधारण अडीच-पावणेतीन मीटर लांब, २५ सेंटीमीटर रुंद आणि १३ सेंटीमीटर जाड असा कठीण लाकडाचा स्लीपर ६० ते १०० किलो भरतो. एकट्याने उचलायचा नाही. म्हणूनच मी तो जागेवर नेण्याआधी खालचं सगळं काम संपवतो. एकदा बसवलेला स्लीपर "नंतर बघू" म्हणून परत कुणीही उचलत नाही.

भिंतीमागचं पाणी

उताराच्या बागेत माती अडवायला स्लीपरची भिंत छान दिसते. ती पडते तेव्हा मालकाचा एकच प्रश्न असतो: एवढं जड लाकूड हललंच कसं?

हिशेब करून बघा. पाच स्लीपर आडवे एकावर एक ठेवले की उंची ६५ सेंटीमीटर होते. अशा भिंतीच्या एक मीटर लांबीचं वजन दीडशे किलोंच्या आसपास भरतं. मागे पाणी वरपर्यंत तुंबलं तर ते पाणीच त्या एका मीटरला दोनशे किलोंहून जास्त जोराने पुढे ढकलतं. ओल्या मातीचा रेटा वेगळाच. उंची दुप्पट केली की पाण्याचा रेटा चौपट होतो. म्हणजे नुसत्या वजनाच्या भरवशावर ही भिंत उभी राहूच शकत नाही. पाणी तुंबू द्यायचं नाही, हाच उपाय.

मला दुरुस्तीला बोलावलं गेलेल्या एका ठिकाणी नेमकं हेच झालं होतं. मालकाने दोन सुट्ट्यांत भिंत उभी केली होती. जमीन सपाट करून थेट मातीवर पहिला थर, वरचे थर लांब खिळ्यांनी ठोकलेले, आणि मागे खणलेलीच चिकणमाती परत दाबून भरलेली. सांधे सगळे एकावर एक. सांधेमोड, म्हणजे खालच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ न देणं, केली असती तर स्लीपर कापावे लागले असते, म्हणून टाळली. पहिल्या मोठ्या पावसात भिंत मधोमध पुढे फुगली. मी गेलो तेव्हा थरांच्या फटींतून गढूळ पाणी पाझरत होतं आणि खिळे वाकून अर्धे बाहेर आले होते. मालकाला पुढून दोन खुंट्या मारून हवं होतं. मी नाही म्हणालो. मागची सगळी माती काढली, वर लावलेली झुडपं गेली, आणि भिंत पहिल्या थरापासून पुन्हा रचली. सुट्टी वाचवायला केलेल्या कामाची ही किंमत असते.

मी रचतो ती अशी. आधी चर खणून १५ सेंटीमीटर खडी, धुमसाने चोपून घट्ट. पहिला थर निम्मा जमिनीत, आणि पाणसळ लावून थर सपाट आहे हे बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण तिथला तिरकेपणा वर वाढतच जातो. प्रत्येक थर किंचित मागे सरकवायचा, म्हणजे भिंत मातीकडे कललेली राहते. सांधेमोड हवीच. थर खिळ्यांनी न जोडता ड्रिलने भोक पाडून जाड लोखंडी सळ्यांनी जोडायचे. मधूनमधून एक स्लीपर भिंतीला काटकोनात मागे मातीत गाडायचा, तो भिंतीला धरून ठेवतो. भिंतीमागे तळाशी भोकं पाडलेली नळी, तिला उतार, तिच्यावर वीत-दीड वीत रुंदीची खडी आणि खडी व माती यांच्यामध्ये गाळणारं कापड. कापड नसलं तर माती खडीत उतरते आणि सगळं काम फुकट जातं.

माती पूर्ण भरण्याआधी मी मागे पाण्याची नळी सोडून ठेवतो. तळाच्या भोकांच्या नळीच्या तोंडातून पाणी स्वच्छ आणि सरळ बाहेर आलं तरच पुढचं भरतो. यासाठी थांबायला नवशिक्यांची तयारी नसते. कंबरेपेक्षा उंच भिंत करायची असेल तर मात्र इंजिनियरकडून नकाशा घ्या, अंदाजाने रचू नका.

कापताना

जुन्या स्लीपरच्या तड्यांत खडीचे तुकडे अडकलेले असतात आणि आत तुटलेले खिळे असतात. फिरती चेनसॉ त्यांवर आदळली तर ती उलट उसळते, आणि चेहऱ्यापर्यंत येते. आधी तारेच्या ब्रशने तडे साफ करा, कापायच्या रेषेवरून लोहचुंबक फिरवा. चष्मा, हातमोजे आणि मास्क लागतातच. शक्यतो अख्ख्या लांबीचेच स्लीपर बसतील अशी आखणी करा. चांगली आखणी केली तर अर्धे काप वाचतात.

नवं मुरवलेलं लाकूड कापलं की आतला न मुरलेला भाग उघडा पडतो. त्या टोकाला लगेच संरक्षक द्रव लावा, आणि कापलेलं टोक मातीत न घालता वर ठेवा.

आणखी काही

उभा खांब सगळीकडून काँक्रीटमध्ये कोंडू नका. तळाला खडी ठेवा, नाहीतर पाणी साचून तो तिथेच कुजतो.

ताज्या ओकमधून टॅनिन उतरतं आणि पांढऱ्या फरशीवर तपकिरी ओघळ पडतात. लोखंड लागलं की डाग निळे-काळे होतात. फरशीपासून अंतर ठेवा आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे वापरा. तांब्यात मुरवलेल्या लाकडातही साधे खिळे लवकर गंजतात.

पायऱ्यांसाठी स्लीपर फक्त पुढच्या कडेला ठेवा आणि पाय टेकायच्या जागी खडी भरा. ओल्या लाकडावर शेवाळ धरतं आणि माणूस घसरतो. अख्खी पायरी लाकडाची करण्याचा हट्ट असेल तर निदान वर आडव्या खाचा पाडा.

उरलेले तुकडे शेकोटीत घालू नका, चुलीत तर मुळीच नाही. मुरवलेल्या लाकडाचा धूर आणि राख दोन्ही विषारी असतात. क्रिओझोटवाले तुकडे आणि त्यांचा भुसा वेगळ्या पोत्यात भरा आणि घातक कचरा घेणाऱ्या यंत्रणेकडे द्या. कंपोस्टच्या खड्ड्यात तो भुसा अजिबात टाकू नका.