नवी पेठ, नवी जर्सी: नोकरी सांभाळून फुटबॉल खेळणाऱ्याने नव्या संघात कसं रुळावं

पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. ही तालमींची नावं ऐकली की बाहेरगावच्या माणसाच्या डोळ्यांसमोर लाल माती आणि लंगोट येतो. कोल्हापुरात मात्र हंगाम सुरू झाला की हीच नावं शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजे केएसएच्या, सर्वांत वरच्या गटात 16 संघ असतात आणि त्याखाली आणखी गट. देशपातळीवरच्या आयएसएलसारख्या स्पर्धांच्या तुलनेत हे खालच्या पायरीचं फुटबॉल आहे, पण 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला.

इथले बहुतेक खेळाडू पोटासाठी दुसरं काहीतरी करतात. कुणी शिरोलीच्या फौंड्रीत, कुणी गोकुळ शिरगावच्या कारखान्यात, कुणी घरच्या दुकानात. मीही शिफ्ट सांभाळून खेळलो आणि एकदा पेठ बदलली, म्हणजे एका पेठेचा संघ सोडून दुसरीच्या संघात गेलो. तुम्ही यंदा नव्या संघात जाणार असाल तर पहिले दोन महिने कसे काढावेत, ते या क्रमाने.

1. सहीआधी कागद आणि पैसा

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची ऑनलाइन नोंदणी यंत्रणा आहे, तिला सगळे सीआरएस म्हणतात. जुन्या क्लबने तुम्हाला मोकळं केलंय आणि नव्या क्लबच्या नावावर तुमची नोंद झालीय, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. "झालंय सगळं, तू फक्त ये" यावर थांबू नका. अपात्र खेळाडू उतरवला तर सामना हातचा जाऊ शकतो, आणि पेठेत त्याचं खापर नव्या माणसावरच फुटतं. आधार कार्ड, जन्मदाखला आणि फोटो एका पाकिटात तयार ठेवा. बाहेरच्या खेळाडूंबाबतचा नियम तुम्हाला लागू होत असेल तर यंदाचा नियम नोंदणीच्या वेळीच विचारून घ्या.

मानधनाचं बोलायला लाजू नका. किती, कोण देणार, किती हप्त्यांत, आणि गुडघा गेला तर औषधपाण्याचा खर्च कुणाचा, हे चार प्रश्न तालमीतल्या एखाद्या जाणत्या माणसासमोर विचारा. लेखी करार असेल आणि खेळण्याच्या खर्चापेक्षा जास्त मोबदला मिळत असेल, तर फिफाच्या नियमांनुसार तुम्ही व्यावसायिक खेळाडू ठरता, नाहीतर हौशी. म्हणून सही करायचा कागद आधी घरी नेऊन वाचा.

2. आपली वेळ खरी सांगा

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच. पेठ बदलली त्या हंगामात मी प्रशिक्षकांना "येतो की रोज" असं सांगून बसलो. पहिल्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट होती, संध्याकाळचा सराव जमला. दुसऱ्या आठवड्यात सेकंड शिफ्ट लागली. रात्री बारा वाजता घरी आणि सकाळी सहाला मैदानावर, हे दोन दिवस रेटलं आणि पुढचे तीन दिवस दांडी मारली. कुणी एका शब्दाने बोललं नाही. पण सहाव्या दिवशी उजव्या बॅकला, म्हणजे माझ्या बचावाच्या जागेवर, तालमीतलाच 19 वर्षांचा पोरगा उभा होता, आणि ते बरोबरच होतं. त्याने शब्द पाळला होता, मी नव्हता पाळला.

म्हणून पहिल्याच भेटीत पुढच्या तीन आठवड्यांच्या शिफ्टचा तक्ता प्रशिक्षकांना द्या. "सर, सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मी तीनच सकाळी येईन, पण त्या तीन नक्की," असं स्पष्ट बोला. कुठला सराव चुकवून चालणार नाही हेही त्यांनाच विचारा. बहुधा तो सामन्याच्या आदल्या दिवशीचा असतो. कॉर्नरला कुणी कुणाला धरायचं, फ्री किकला भिंतीत कोण, हे तेव्हा ठरतं. नाईट करून थेट पळायला जाऊ नका. आधी झोप, मग संध्याकाळी मैदान.

कारखान्यातल्या सुपरवायझरलाही हंगामाआधीच विश्वासात घ्या. सामन्याची तारीख कळली की त्याच दिवशी शिफ्ट बदलून मागा, आदल्या रात्री नको. ज्या सहकाऱ्याने तुमच्यासाठी शिफ्ट बदलली, त्याची परतफेड पावसाळ्यात मैदानं बंद असताना करा, आणि ती त्याने न मागता करा.

3. तालमीत पाय ठेवताना

इथला क्लब म्हणजे नुसते अकरा खेळाडू नव्हेत. तालीम आधीची, फुटबॉल नंतरचं. गणपतीचा मांडव, शिवजयंतीची मिरवणूक, महापुरात लोकांना बाहेर काढणं, हे सगळं याच पोरांच्या अंगावर असतं. पहिल्या दिवशी सरावाच्या अर्धा तास आधी जा. चपला बाहेर काढा, मारुतीला नमस्कार करा, कट्ट्यावर बसलेल्या वडीलधाऱ्यांना अण्णा, काका म्हणून स्वतःची ओळख सांगा: नाव, कुठल्या पेठेतला, कुठल्या जागेवर खेळतो. यापैकी कुणीतरी तीस वर्षांपूर्वी याच जर्सीत खेळलेला असतो. त्याचं ऐका, मैदानाबद्दल त्याला कळतं.

मैदान आखणारा, बॉलची जाळी उचलणारा, बर्फ आणणारा, या माणसांची नावं पहिल्या आठवड्यात पाठ करा. समवयस्कांशी "भावा"ने सुरुवात होतेच. जुन्या संघाची गुपितं मात्र इथे उगाळू नका. आज तुम्ही त्यांच्याबद्दल बोललात तर उद्या आमच्याबद्दलही बोलाल, हे कट्ट्याला लगेच कळतं.

4. बूट

दोन जोड लागतात. शाहू स्टेडियमच्या हिरवळीवर मोल्डेड स्टडचे, म्हणजे तळव्यालाच जोडलेल्या खिळ्यांचे, आणि सरावाच्या मुरमाड जमिनीवर बारीक, जास्त खिळ्यांचे. एकाच जोडावर भागवलं तर आधी टाच दुखते, मग घोटा.

5. शरीराला वेळ द्या

नव्या ठिकाणी छाप पाडायच्या नादात पहिल्या पंधरा दिवसांतच मांडीचा मागचा स्नायू धरतो. आठ तास उभं राहून काम केलेले पाय सरावाला आधीच थकून आलेले असतात. आधी आठवड्याला दोनदा खेळत असाल तर एकदम पाचवर जाऊ नका, दर आठवड्याला एक सत्र वाढवा.

वॉर्मअपसाठी फिफाचा 11+ हा कार्यक्रम हौशी खेळाडूंसाठीच बनवलेला आहे. सुमारे 20 मिनिटं लागतात: 8 मिनिटं हलकं पळणं, 10 मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटची 2 मिनिटं वेगाने पळणं. एकूण 15 व्यायाम, साहित्यात बॉल आणि काही कोन पुरतात. आठवड्यातून किमान दोनदा नेमाने केला तर दुखापती खरंच कमी होतात. संघ करत नसेल तर तुम्ही लवकर येऊन सुरू करा. आठवड्याभरात दोघे-तिघे शेजारी येऊन उभे राहतात.

खाण्याचं म्हणाल तर सरावाआधी तासभर एक-दोन केळी किंवा शेंगदाण्याचा लाडू पुरतो. कट्ट्यावरचं धारोष्ण म्हशीचं दूध आपल्याकडची शान आहे, पण ते सराव झाल्यावर प्या. आधी प्यालं तर पोटात डुचमळतं. तांबडा-पांढरा सामन्याच्या आदल्या रात्री नको, सामन्यानंतर ओरपा.

6. बाकावर बसायची वेळ आली तर

पहिले काही सामने बाहेर बसावं लागेल, असं धरूनच चला. बसून मोबाईल बघू नका. तुमच्या जागेवर जो खेळतोय त्याच्या समोरचा विंगर कुठल्या पायाने आत येतो, थकल्यावर काय करतो, ते टिपा आणि मध्यंतरात त्याच पोराला सांगा. मी त्या 19 वर्षांच्या पोराला असं सांगायला लागलो, आणि पुढे दोन सामन्यांनी आम्ही एकाच बाजूला खेळत होतो, तो मागे, मी त्याच्या पुढे.

7. जुन्या पेठेविरुद्धचा सामना

हा एक दिवस येणारच. गॅलरीतून तुमच्या नावाने आरडाओरडा होईल, काही घोषणा जिव्हारी लागतील. आदल्या रात्री स्टेटस ठेवू नका, दुसऱ्याचं वाचू नका. गोल झाला तर जुन्या समर्थकांकडे तोंड करून नाचू नका. वाद पेटला तर पंचांशी बोलायचं काम कर्णधाराचं आहे, तुम्ही दोन पावलं मागे राहा. शिट्टी वाजल्यावर मात्र स्वतः चालत जाऊन जुन्या प्रशिक्षकांच्या पाया पडा. दोन्ही गॅलऱ्या ते बघतात.

दोन महिने झाले की सराव संपल्यावर प्रशिक्षकांना बाजूला घ्या आणि दोनच गोष्टी विचारा: "सर, माझ्याकडून काय कमी पडतंय?" आणि "पुढच्या महिन्यात माझ्या शिफ्ट अशा आहेत, कुठले दिवस धरू?"