गोराई-उत्तनच्या किनाऱ्यावर गाडीनं जाऊन तंबूत मुक्काम कसा करावा

उत्तनला आम्ही पहिल्यांदा तंबू लावला तो संध्याकाळी सहाला. समोर घट्ट, सपाट वाळू पसरली होती आणि पाणी खूप लांब दिसत होतं. ती रात्र पौर्णिमेची होती. बाराच्या सुमारास मुलीचे पाय ओले झाले, म्हणून आम्हाला जाग आली. त्यानंतर मी कोणालाही किनाऱ्यावरच्या मुक्कामाबद्दल सांगताना तंबूच्या आधी तिथीबद्दल सांगतो.

पौर्णिमा आणि अमावास्येला मुंबईच्या किनाऱ्यावर साधारण दुपारी बारा आणि रात्री बाराला पूर्ण भरती असते, सहाच्या आसपास पूर्ण ओहोटी. हीच उधाणाची भरती, तेव्हा पाणी सर्वांत वर येतं. इतर दिवसांसाठी कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीला तीननं गुणा, चारनं भागा. चतुर्थीला ४ × ३ ÷ ४, म्हणजे तीनला पूर्ण भरती आणि नऊला पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, तेवढी सूट धरा. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. घरी कालनिर्णय असेलच; त्यात बघून अष्टमीच्या आसपासचा शनिवार-रविवार निवडा. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार वर चढत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर मी दुसरा दिवस निवडतच नाही.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात तिकडे मुक्कामाला जाऊ नका. समुद्र खवळलेला असतो आणि किनाऱ्यावर निळ्या, फुग्यासारख्या विषारी जेलीफिश येऊन पडतात. वाळूवर मेल्यासारख्या दिसल्या तरी त्या डंख करतात.

आता जाण्याचं. गोराई, मनोरी, उत्तन हा सगळा पट्टा धारावी बेटाचा. माहीमजवळची धारावी वेगळी. उत्तरेला वसईची खाडी, दुसऱ्या अंगाला मनोरीची. वसईच्या मोहिमेत १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतलेल्या धारावी किल्ल्याचे अवशेष इथल्या चौक गावात आहेत, वेळ असेल तर बघून घ्या. मार्वेहून मनोरीला आणि बोरिवलीहून गोराईला बोट जाते, पण तिच्यातून माणसं आणि दुचाक्या जातात. चारचाकीला रस्ता एकच: दहिसर नाका, काशिमिरा, भाईंदर पश्चिम आणि तिथून उत्तन. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून साडेतीन-चारला पोहोचा. अंधारात तंबू लावण्यासारखा त्रास नाही.

जागा आधी फोनवर ठरवा. उघड्या किनाऱ्यावर विनापरवाना तंबू ठोकू नये. किनाऱ्याला लागून वाड्या आहेत, त्यांतल्या काही जागा मुक्कामाला देतात. विचारायचे प्रश्न असे: स्वतःचा तंबू चालतो का, गाडी तंबूच्या शेजारी उभी करता येते का, रात्री संडासात पाणी आणि दिवा असतो का, फाटक किती वाजता बंद होतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट घ्या. गाडी शेजारी असणं हाच या मुक्कामाचा मोठा फायदा. आईला गुडघ्यांचा त्रास असूनही ती आमच्याबरोबर येते ती यामुळेच. जाड गादी आणि खुर्ची डिकीतून थेट तंबूपाशी येते.

वाळूत गाडी मात्र नेऊ नका. ओहोटीची वाळू वरून घट्ट वाटते, चाक रुतलं की भरतीच्या आत बाहेर काढणं कठीण. शिवाय किनाऱ्यावर वाहन चालवायला मनाईच आहे.

वाडीतही तंबूची जागा बघून घ्या. नारळाखाली कधीच नको. रात्री नारळ पडतो, झावळीही पडते. सुरूची सावली चांगली, फक्त वर वाळकी फांदी अडकलेली नाही ना ते पाहा. किनाऱ्याकडे जांभळ्या फुलांची, जमिनीलगत पसरणारी मर्यादवेल दिसेल. तिच्या पलीकडे समुद्राकडे तंबू लावायचा नाही. वेलीचं नाव उगाच पडलेलं नाही.

दुपारी वारा समुद्राकडून येतो, रात्री उशिरा मतलई वारा जमिनीकडून सुटतो. म्हणून तंबूची अरुंद बाजू पश्चिमेला आणि दार तिरकं ठेवा. तंबूबरोबर मिळणाऱ्या लोखंडी खुंट्या वाळूत टिकत नाहीत. जुन्या कापडी पिशव्या न्या, वाळूनं भरा, ताणाची दोरी तोंडाला बांधा, हातभर खोल पुरा आणि वर पाय देऊन वाळू दाबा. ही पिशवी वाऱ्याला दाद देत नाही. खाली अंथरलेल्या ताडपत्रीच्या कडा तंबूच्या तळाखाली दुमडून घ्या, नाहीतर दव साचून सगळं पाणी पाठीखाली येतं. हिवाळ्यात पाऊस नसला तरी वरचं आच्छादन लावा. पहाटे दव टपटप पडतं.

पहिल्या रात्रीचं जेवण घरून न्या. थालीपीठं, दही, सुक्या जवळ्याची चटणी एवढं पुरतं. शेगडी तंबूबाहेर, वाऱ्याच्या आडोशाला. थंडी वाजली तरी निखारे तंबूत आणायचे नाहीत आणि इंजिन चालू ठेवून गाडीत झोपायचं नाही. दोन्हींचा विषारी वायू झोपेत जीव घेतो. शेकोटी मालकाला विचारून, त्यानं दाखवलेल्या जागीच. विझवताना वर वाळू ओढू नका. पुरलेला निखारा सकाळपर्यंत धगधगतो आणि त्यावर पाय पडतो तो बहुधा लहान मुलाचा. भरपूर पाणी ओता, हात लावून थंड झाल्याची खात्री करा.

सकाळी होड्या किनाऱ्याला लागतात. बघायला जरूर जा, पण जाळ्यांवरून चालू नका, बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांना हात लावू नका. ती त्या घरांची वर्षभराची कमाई आहे. कोळीणमावशींशी नीट बोललात तर ताजी मासळी मिळते, ती कशी करायची तेही त्या सांगतात. खाडीकडच्या खारफुटीत मात्र शिरू नका. चिखल खोल असतो आणि त्या झाडांना कायद्याचं संरक्षण आहे.

निघताना सगळा कचरा डिकीत भरा, घरी आणा. परतल्यावर त्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्यानं धुऊन घ्या, नाहीतर खारं पाणी पत्रा खातं. तंबूच्या चेनीही धुवा. तंबू गॅलरीत दोन दिवस पूर्ण वाळवा, मगच घडी घाला.